आयरायटिसची तीन औषधं आणि गेल्या वर्षीची उरलेली बाटली: थेंब नेमके कसे घालायचे?

डिचोलीची_सून

नमस्कार. सासऱ्यांचं वय ६८, दमा आहे, मधुमेह नाही. उजवा डोळा लाल, ठणका आणि उजेडाकडे बघवत नाही म्हणून सोमवारी नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आहे, आयरायटिस, असं निदान झालं. चिठ्ठीवर तीन औषधं आहेत:

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का: पहिला आठवडा जागेपणी दर दोन तासांनी, दुसऱ्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला कमी करत चार, तीन, दोन, एक.
होमॅट्रोपिन २ टक्के: पुढे "ओडी" आणि "टीडीएस" दोन्ही लिहिलंय. दिवसातून एकदा घालायचं की तीनदा?
रात्री झोपताना कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचं जेल.

प्रश्न असे. कुठलं आधी, कुठलं नंतर, मध्ये किती वेळ? अर्धा थेंब गालावर ओघळतो, तर दुसरा घालू का? थेंब घातल्यावर घशात कडू लागतं म्हणतात, ते बरोबर आहे का? बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या का?

आणि एक. दिराच्या मुलाचे, वय ९, दोन्ही डोळे कालपासून आलेत. पाणी, चिपडं, लाली. घरात गेल्या वर्षीची मॉक्सिफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोनची अर्धी बाटली आहे. शेजारच्या मावशी म्हणतात तीच घाल, दोन दिवसांत उतरेल. चवथ चार दिवसांवर आली, घरात माणसं येणार, म्हणून घाई आहे.

फार्मासिस्ट_म्हापसा

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. ती अर्धी बाटली मुलाच्या डोळ्यात घालू नका, आजच टाकून द्या. कारणं दोन. आपल्याकडच्या डोळ्यांच्या बहुतेक थेंबांच्या लेबलवर "उघडल्यापासून एक महिन्याच्या आत वापरा" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. खोक्यावरची एक्सपायरीची तारीख न उघडलेल्या बाटलीसाठी असते. एकदा टोपण फिरलं की महिन्याचं घड्याळ सुरू होतं. दुसरं कारण डेक्सामेथासोन. ते स्टेरॉइड आहे. त्यावर डॉक्टर मंडळी इथं लिहितीलच.

"ओडी"चा घोळ फार्मसीत रोजचा आहे. साध्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या चिठ्ठीवर तेच ओडी लॅटिनमधून आलेलं, "उजवा डोळा" या अर्थाचं. डावा डोळा ओएस, दोन्ही डोळे ओयू. बरेच डॉक्टर त्याऐवजी आरई, एलई, बीई लिहितात. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. तुमच्या चिठ्ठीवर दोन्ही शेजारी आहेत आणि दुखतोय तो उजवा डोळा, म्हणजे "उजव्या डोळ्यात, दिवसातून तीनदा" असा अर्थ निघतो. तरी दवाखान्यात फोन करून खात्री करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मग खोक्यावर पेनाने मराठीत लिहा: "उजवा, ३ वेळा". शेजारी उघडल्याची तारीख.

नवी बाटली उघडताना एक गोष्ट बघा. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांच्या तोंडाला भोक नसतं. टोपणाच्या आत प्लॅस्टिकचा टोकदार खिळा असतो. सीलची कडी काढायची, टोपण घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत घट्ट फिरवायचं, की खिळा तोंडाला नेमकं भोक पाडतो. पुष्कळ घरांत ते न कळल्यामुळे टाचणी, शिवणाची सुई किंवा कात्री वापरली जाते. त्याने भोक मोठं पडतं, थेंब जाड पडतो, औषध लवकर संपतं, प्लॅस्टिकचा कण डोळ्यात जाऊ शकतो आणि सुईवरचे जंतू थेट निर्जंतुक बाटलीत उतरतात.

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळत नाही. पांढऱ्या दुधासारखं दिसतं, कारण औषधाचे बारीक कण त्यात तरंगत असतात. बाटली उभी राहिली की कण तळाला बसतात. न हलवता घातलं तर सुरुवातीचे दिवस नुसतं पातळ पाणी डोळ्यात जातं आणि शेवटी तळाचा घट्ट गाळ. औषध लागू पडत नाही म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथं असतं. दर वेळी, अगदी दर वेळी, १०-१५ वेळा उलटसुलट जोरात हलवा. तळाला पांढरा थर चिकटलेला दिसला तर तो सुटेपर्यंत हलवा. होमॅट्रोपिन पाण्यासारखं स्वच्छ द्रावण आहे, ते हलवायची गरज नाही. स्वच्छ असायला हवं ते औषध गढूळ दिसलं किंवा त्याचा रंग बदलला तर वापरू नका, फार्मसीत परत दाखवा.

क्रम: आधी पातळ द्रावण, मग हलवून घालायचं दुधी औषध, मग जेल, मलम असेल तर सर्वांत शेवटी. उलट केलं तर जेलचा थर पुढच्या थेंबाला डोळ्यापर्यंत पोचू देत नाही. दोन थेंबांत किमान पाच मिनिटं, जेल किंवा मलमाच्या आधी दहा मिनिटं. लगेच दुसरा थेंब घातला तर तो पहिल्याला धुऊन बाहेर काढतो.

तुमच्यासाठी पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक असं बसेल. प्रेडनिसोलोन सकाळी ७, ९, ११, दुपारी १, ३, संध्याकाळी ५, ७, रात्री ९. आठ वेळा. होमॅट्रोपिन सकाळी ७, दुपारी ३, रात्री ९. ज्या तीन वेळा दोन्ही एकत्र येतात तेव्हा होमॅट्रोपिन आधी, पाच मिनिटांनी प्रेडनिसोलोन. रात्री सव्वानऊला जेल. मोबाइलवर आठ अलार्म लावा आणि फ्रीजच्या दारावर कागद चिकटवून घातलेल्या थेंबावर टीक करा. घरात दोन-तीन माणसं थेंब घालत असली की एकाच वेळचा थेंब दोनदा पडतो किंवा कुणीच घालत नाही.

बाटलीकडे बघूनही हिशेब कळतो. ५ मिलिलिटरच्या बाटलीतून साधारण १०० थेंब निघतात. पहिल्या आठवड्यात ५६ आणि दुसऱ्यात ४२, म्हणजे दोन आठवड्यांत एक बाटली जवळजवळ संपायला हवी. सहा दिवसांत रिकामी झाली तर दर वेळी दोन थेंब पडताहेत. दोन आठवड्यांनी अर्धी भरलेली असेल तर थेंब चुकताहेत, आणि हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगायला हवं, नाहीतर ते औषध कमी पडलं असं समजून आणखी जोराचं देतील. डोस सहा आठवड्यांचा आहे, म्हणजे दुसरी बाटली लागणार. ती शेवटच्या थेंबाआधी आणून ठेवा. चवथीच्या दिवशी फार्मसी शोधत फिरायला नको.

साठवण: लेबलवर "२ ते ८ अंश" लिहिलं असेल तरच फ्रीज, तोही दारातला कप्पा, फ्रीझर कधीच नाही. गोठलं की या दुधी औषधाचे कण गुठळ्या धरतात आणि कितीही हलवलं तरी सुटत नाहीत. "२५ अंशांखाली" किंवा "३० अंशांखाली" असेल तर घरातली सर्वांत थंड, अंधारी जागा. स्वयंपाकघराची खिडकी, टीव्हीचं टेबल, देवघरातल्या समईशेजारी नको. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत तर अजिबात नको. उभीच ठेवा, खोक्यासकट.

नेत्रसाहाय्यक_फोंडा

वरचं सगळं बरोबर. मी फक्त हाताच्या कामाचं सांगतो, कारण औषध चांगलं असूनही थेंब नीट न पडल्याने वाया जातं.

ताई, गालावर ओघळलं म्हणून दुसरा थेंब घालायचा नाही. खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर पाणी मावतं. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे नीट पडलेल्या एका थेंबातलंही थोडं ओघळणारच. दुसरा थेंब सगळाच्या सगळा गालावर जातो. थेंब डोळ्यात न पडता सरळ पापणीवर किंवा नाकावर पडला असेल तरच पुन्हा घाला.

घालायची रीत. हात साबणाने धुवा आणि पुसून कोरडे करा. हुमणाची मिरची वाटून, मासळी साफ करून आलेल्या हाताने नुसतं पाण्याखाली धरून चालत नाही, नखांच्या कडेला तिखट राहतं. डोळ्यात चिपडं असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पिळा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. तो बोळा टाका, पुन्हा पुसायला नवा घ्या.

सासऱ्यांना पलंगावर उताणं झोपवा, उशी काढा. बसून घालायचं असेल तर मान पूर्ण मागे. त्यांना छताकडे, आपल्या डोक्याच्या मागे बघायला सांगा. मग बुबुळ वर जातं आणि थेंब थेट त्यावर आपटत नाही, म्हणून दचकणं कमी होतं. तर्जनीने खालची पापणी गालाच्या हाडाकडे हलकी ओढा, लाल अस्तराची छोटी खोबण उघडते. बाटलीचा हात त्यांच्या कपाळावर टेकवा, म्हणजे कापत नाही. बाटलीचं तोंड खोबणीपासून एक-दोन सेंटिमीटर वर. एक थेंब. बाटली पापणीला, केसांना, बोटाला लागता कामा नये. लागली तर पुसायला जाऊ नका, पुसल्याने ती निर्जंतुक होत नाही. तोंड पापणीवरून किंवा चिपडांवरून घासलं गेलं असेल तर डॉक्टरांना किंवा फार्मसीत विचारून नवी घ्या, विशेषतः ज्याच्या डोळ्यात जखम आहे त्याच्यासाठी.

थेंब पडला की पापणी हळूच सोडा, डोळा अलगद मिटा. घट्ट आवळायचा नाही, उघडझाप करायची नाही. दोन्हींमुळे औषध पंपासारखं बाहेर फेकलं जातं. आणि इथं तुमच्या कडू चवीचं उत्तर: डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रूंची बारीक नळी असते, ती नाकात आणि तिथून घशात उतरते. घशात कडू लागतं म्हणजे थेंब नळीतून खाली गेला. डोळ्याला तेवढं औषध कमी मिळालं आणि शरीरात जास्त गेलं. उपाय सोपा. डोळा मिटल्याबरोबर त्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडाला लागून, बोटाच्या टोकाने दोन मिनिटं दाबून धरा. बुबुळावर नाही, हाडाच्या कडेवर. बरोबर दाबलं तर कडूपणा जवळजवळ येत नाही. होमॅट्रोपिनसाठी हे नक्की करा, कारण वयस्क माणसाच्या शरीरात ते जास्त गेलं तर तोंड कोरडं पडणं, छातीत धडधड, लघवी अडणं, कधी बोलण्यात घोळ असं होऊ शकतं. यातलं काही दिसलं तर पुढचा थेंब थांबवून लगेच डॉक्टरांना फोन.

नऊ वर्षांचं मूल डोळे उघडत नसेल तर जबरदस्ती नको. उताणं झोपवा, डोळे मिटलेलेच राहू देत, थेंब नाकाकडच्या कोपऱ्यावर ठेवा आणि मग उघडायला सांगा. उघडता क्षणी तो आत सरकतो. हे अर्थात डॉक्टरांनी जे औषध दिलं असेल त्यासाठी.

एकाची बाटली दुसऱ्याला कधीच नाही. सासऱ्यांची तर आत्ता मुलाच्या खोलीतही नको. त्यांचा टॉवेल, उशीचा अभ्रा, थेंब घालणाऱ्याचे हात, सगळं वेगळं. आधी सासऱ्यांचे थेंब, मग मुलाचे, आणि मध्ये हात धुणं.

नेत्रतज्ज्ञ_पेडणे

डेक्सामेथासोनबद्दल सविस्तर लिहिते, कारण या धाग्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट ती अर्धी बाटली आहे.

डोळे येण्याच्या साथी बहुतेक अ‍ॅडिनोव्हायरसने येतात. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर आली ती विषाणूची साथ सर्वांना आठवत असेल. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. डोळा एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. मग जोडऔषध (अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत) घातल्यावर दोन दिवसांत "उतरतं" ते काय? उतरते ती लाली. स्टेरॉइड सूज दाबतं, रक्तवाहिन्या बारीक होतात, डोळा पांढरा दिसायला लागतो. विषाणू तिथेच असतो, उलट जास्त दिवस राहू शकतो. पांढरा दिसला म्हणून मूल शाळेत जातं, चवथीच्या आरतीला गर्दीत उभं राहतं आणि साथ पसरवतं.

याहून वाईट दोन शक्यता आहेत. एक हर्पिसचा विषाणू. तोही डोळा लाल करतो, पाणी आणतो. बुबुळावर त्याची जखम फांद्या फुटलेल्या काटकीसारखी असते, पण साध्या डोळ्यांना दिसत नाही. आम्ही फ्लोरेसिनची केशरी पट्टी पापणीच्या आत टेकवतो आणि निळ्या उजेडात बघतो. जिथे कातडी सोललेली असते तिथे हिरवं चमकतं. ही तपासणी केल्याशिवाय लाल डोळ्यात स्टेरॉइड घालणं म्हणजे त्या जखमेला खोल जाऊ देणं. दुसरी बुरशी. तिचंही तेच.

तिसरा धोका वापर लांबला की येतो. स्टेरॉइडमुळे डोळ्याचा दाब चढतो. साधारण तिघांत एकाला मध्यम आणि शंभरात पाचेक जणांना खूप चढतो. नेहमीचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. सहसा काही आठवड्यांत वाढतो आणि वाढताना दुखत नाही, नजर समोर चांगली राहते. कडेची नजर गेली की ती परत आणता येत नाही. स्टेरॉइडने होणारा मोतीबिंदू निदान शस्त्रक्रियेने निघतो, काचबिंदूने गेलेली नजर कशानेच नाही. म्हणून दहा दिवसांहून जास्त स्टेरॉइड चालू असेल तर दाब मोजायला हवा. ताई, सासऱ्यांचा डोस सहा आठवड्यांचा आहे. पुढच्या भेटीची तारीख चुकवू नका, आणि दाब मोजला का हे तुम्हीच विचारा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही सांगा. दाब वाढला तर त्यासाठी टिमोलॉलचे थेंब द्यायची पद्धत आहे. टिमोलॉलने दमा उफाळतो. दमा आहे हे पहिल्या भेटीत सांगितलं असेल तरी पुन्हा सांगा.

बाटलीत स्टेरॉइड आहे का हे ओळखायचं कसं? कंपनीच्या मोठ्या अक्षरातल्या नावाकडे बघू नका, त्याखालच्या बारीक ओळीकडे बघा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट. यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. पुष्कळदा पहिलं नाव मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन असतं आणि वाचणारा "अँटिबायोटिक आहे" म्हणून तिथंच थांबतो. ओळ शेवटपर्यंत वाचा. ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. टोपणाच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका, आपल्याकडे तो भरवशाचा नाही.

आता सासऱ्यांच्या डोळ्यात तेच स्टेरॉइड का चालतं? कारण तिथे सूज हाच आजार आहे, डोळा तपासून दिलंय, आणि न घातल्यास बुबुळाच्या पडद्याची कडा मागच्या भिंगाला चिकटते. होमॅट्रोपिन बाहुली मोठी ठेवतं ते ही चिकटण टाळण्यासाठी आणि आतल्या स्नायूचा पेटका सोडवून ठणका कमी करण्यासाठी. त्याने जवळचं धूसर दिसेल, उन्हात डोळे दिपतील. काळा चष्मा, टोपी, आणि स्कूटर अजिबात नाही.

मुलासाठी: थंड पाण्याच्या घड्या, डोळे चोळू न देणं, वेगळा टॉवेल, रोज अभ्रा बदलणं. अ‍ॅडिनोव्हायरसवर अल्कोहोलचा सॅनिटायझर साबणाइतका भरवशाचा नाही, तेव्हा हात साबण-पाण्यानेच. दाराच्या कड्या, मोबाइल, रिमोट पुसत राहा. डोळ्यावर पट्टी बांधू नका. गुलाबपाणी, मध, अंगावरचं दूध, कुठलाही पाला नको. पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत शाळा नाही. चवथीला आलेल्या माणसांच्या मांडीवरही नको.

त्याला एकदा दाखवून घ्या, आणि पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी: उजेड सहन न होणं, खरंखुरं दुखणं, चिपडं पुसल्यावरही धूसर दिसणं, काळ्या भागावर पांढरा ठिपका, पापणीवर किंवा कपाळावर पाण्याचे फोड.

डिचोलीची_सून

बाटली टाकली. फोन केला, होमॅट्रोपिन उजव्या डोळ्यात तीनदाच आहे. मुलाला उद्या सकाळी दाखवते.

आणखी तीन शंका. दुपारी १ चा थेंब राहिला आणि २ ला आठवला तर? सासरे आज म्हणाले, ठणका गेला, आता कशाला. आणि होमॅट्रोपिनने पेपर वाचता येत नाही म्हणून ते नको म्हणतात.

फार्मासिस्ट_म्हापसा

२ ला आठवला तर २ ला घाला, ३ चा ३ लाच. पावणेतीनला आठवला तर तो सोडून ३ चा घाला. राहिलेल्याच्या बदल्यात एकदम दोन थेंब कधीच नाही. "दर दोन तासांनी"चा अर्थ तुमच्या चिठ्ठीवर जागेपणीचा आहे, रात्री उठवायचं नाही.

पेपरसाठी एक सुचवतो: मोठ्या अक्षरांचा मथळा त्यांनी वाचावा, बाकी घरातल्या कुणी वाचून दाखवावा. होमॅट्रोपिनचा धूसरपणा औषध बंद झाल्यावर एक ते तीन दिवसांत जातो.

नेत्रतज्ज्ञ_पेडणे

ठणका जाणं ही सुरुवात आहे. आतल्या पाण्यात सुजेच्या पेशी अजून तरंगत असतात, त्या फक्त स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. स्टेरॉइड एकदम तोडलं तर सूज उसळून परत येते, कधी पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून आठ, सहा, चार असं उतरवत आणायचं. कमी कधी करायचं हे तपासूनच ठरतं. पहिल्या आठवड्यानंतरची तपासणी बरी नसेल तर डॉक्टर वेळापत्रक बदलतील, ते तुमच्या कागदावरही बदला.

अँटिबायोटिकचं बरोबर उलट आहे, आणि हा फरक फार जणांना माहीत नसतो. मॉक्सिफ्लॉक्सासिन जेवढे दिवस सांगितलं तेवढे दिवस पूर्ण ताकदीने घालायचं आणि थांबवायचं. ते चारवरून दोन, दोनवरून एक करत बसलं तर जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. जोडऔषध म्हणूनच अवघड असतं: त्यातलं स्टेरॉइड उतरवायचं असतं आणि अँटिबायोटिक उतरवायचं नसतं, बाटली मात्र एक. ते कधी आणि किती दिवस हे डोळा बघणाऱ्यानेच ठरवावं.

सत्तरीकर

याच धाग्यात विचारतो. परवा मळणी करताना भाताचं तूस डावीकडे डोळ्यात गेलं. धुतलं तेव्हा निघालं. आज डोळा लाल, टोचतंय, पाणी येतंय. वाळपईत फार्मसीतून अँटिबायोटिकचे थेंब आणून दोन दिवस बघू का? स्टेरॉइडवालं घेणार नाही, एवढं वरचं वाचून कळलं.

नेत्रतज्ज्ञ_पेडणे

नाही. दोन दिवस बघायचं नाही, थेंब आणायचे नाहीत, उद्या सकाळी नेत्रतज्ज्ञाकडे.

सरद (पावसाळी पीक) असो की वायंगण (पावसाळ्यानंतरचं), कापणी-मळणीत डोळ्यात गेलेलं तूस, भाताचं पातं, माडाच्या झावळीचा फटकारा, काजूची फांदी, हे सगळं एकाच गटात येतं: झाडाचा भाग बुबुळाला लागला. यात बुरशीचा संसर्ग व्हायची शक्यता मोठी असते आणि तो हळू येतो. पहिले काही दिवस नुसतं टोचतं, मग काळ्या भागावर करडा-पांढरा, पिसासारख्या कडांचा डाग दिसतो. अँटिबायोटिक बुरशीला मारत नाही. त्यावर नॅटामायसिन ५ टक्के हे वेगळं औषध लागतं, तेही दुधी, हलवून घालायचं, सुरुवातीला बहुधा तासातासाने आणि मग कित्येक आठवडे.

आधी थेंब का नकोत, त्याचं आणखी एक कारण आहे. जखम दिसली तर आम्ही तिच्या कडेचा नमुना खरवडून काचेवर घेतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि कल्चरला लावतो, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखतो. आधीच दोन-तीन दिवस कुठले तरी थेंब गेले असतील तर नमुन्यात जंतू सापडणं अवघड होतं, आणि मग अंदाजाने उपचार करावे लागतात.

आत्ता डोळा चोळू नका, पट्टी बांधू नका, जिभेने किंवा पदराच्या टोकाने काही काढायला जाऊ नका. स्वच्छ पाण्याने एकदा धुवा, काळा चष्मा लावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर काढा आणि लेन्स डबीसकट बरोबर न्या, तिचाही कल्चर करता येतो. लेन्स वापरणाऱ्यात लाल डोळा दुखायला लागला तर तो नेहमीच तातडीचा, एक-दोन दिवसांत बुबुळ विरघळवणारे जंतू असतात.

तुमच्याकडून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). काय गेलं, कधी गेलं, आणि आतापर्यंत डोळ्यात काय काय घातलं हे न लपवता सांगा. एखादी बाटली घातली असेल तर तीही घेऊन जा.

नेत्रसाहाय्यक_फोंडा

दोन गोष्टी वाटेतल्या. गाडी स्वतः चालवू नका, तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर परत येताना दिसणार नाही. आणि तिथे डोळा सुन्न करायचा थेंब घालतील, त्याने टोचणं पाच मिनिटांत पूर्ण थांबतं. "हाच घरी द्या" असं पुष्कळ जण मागतात. तो घरी मिळत नाही आणि मिळू नये. सुन्न डोळ्याला जखम कळत नाही, आणि तो थेंब वारंवार घातला तर बुबुळाची कातडी भरूनच येत नाही.

सत्तरीकर

भाऊ नेतोय, सकाळी सातला निघतो. काल रात्री घरातले एक थेंब एकदा घातले होते, कानाचे की डोळ्याचे ते आत्ता बघतो.

फार्मासिस्ट_म्हापसा

बघा आणि बाटली खिशात घालूनच जा. "आय/इयर" दोन्ही लिहिलं असेल तर ते डोळ्यासाठी बनवलेलं आहे. फक्त "इयर" असेल तर आत्ताच स्वच्छ पाण्याची धार धरून पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि उद्या डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगा. कानाचे थेंब निर्जंतुक असतीलच असं नाही, आणि त्यातले काही आम्लधर्मी असतात.